बिन स्टोअरमधली गादी आणि ६० पौंडांचा व्हॅनवाला

पत्र (थोडक्यात): आम्ही पूर्व लंडनमध्ये हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणाऱ्या भाड्याची घरं चालवणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. नवरा गोदामात कामाला, मी अर्धवेळ केअरर, दोन मुलं. थोडं युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाला मिळणारी सरकारी मदत, मिळतं. दोन माणसांचा सोफा, त्याच्या जोडीची खुर्ची, बंद पडलेला फ्रिज-फ्रीझर आणि एक मोठं कपाट काढायचंय. डबल बेडची जुनी गादी नवऱ्याने आधीच खाली बिन स्टोअरमध्ये, म्हणजे इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत, नेऊन ठेवली, कारण तिथे सगळेच ठेवतात. आता असोसिएशनचं पत्र आलंय: १४ दिवसांत उचला, नाहीतर आम्ही उचलून खर्च वसूल करू. कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) दराने सगळं मिळून ९० पौंडांच्या वर जातंय. फेसबुकवर एक जण ६० पौंड रोख घेऊन आजच सगळं न्यायला तयार आहे, बाकी काही विचारत नाही. देऊन टाकू का? आणि सर्विस चार्जमध्ये (इमारतीच्या सामाईक खर्चाच्या आकारात) दर वर्षी ‘मोठा कचरा’ म्हणून जी रक्कम लावतात, ती कशाची?

उत्तर:

त्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा. तो लबाडच असेल असं नाही. पण नोंदणी क्रमांक सांगितलेला नाही, रोख मागतोय आणि काय काय आहे हेही विचारत नाही, एवढ्यावर घरातलं सामान हवाली करायचं नसतं. आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, वजन करतो आणि वर चार पैसे देऊन जातो. पुढे त्या सामानाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये विचारतात, आणि ते तुम्हालाच विचारतात. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या ३४व्या कलमाप्रमाणे घरातला कचरा अधिकृत माणसाच्याच हाती गेला ना, हे पाहण्याची जबाबदारी त्या घरात राहणाऱ्याची आहे. तुमचा सोफा उद्या कुठल्या गल्लीच्या तोंडाशी सापडला आणि गाद्यांच्या खाली तुमच्या पत्त्याचं एखादं पाकीट निघालं, तर कौन्सिल व्हॅनवाल्याला शोधत बसत नाही, आधी तुमच्या दारात येते. जुलै २०२३ च्या शेवटापासून या चुकीसाठी जागेवरचा दंड ६०० पौंडांपर्यंत लावता येतो. कोर्टात गेलं तर त्याहून जास्त.

६० पौंडांचा हिशेबही जमत नाही. कचऱ्याचा धंदा करणाऱ्याला घरगुती टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा केंद्रावर, फुकट टाकता येत नाही. त्याला व्यावसायिक केंद्रावर पैसे मोजावे लागतात, आणि सोफा व फ्रिज या दोन्ही वस्तू तिथे महागात पडतात. तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला दोन माणसं, डिझेल, लंडनची वाहतूक. सगळं ६० पौंडांत बसवायचं तर कुठेतरी फुकट टाकावंच लागेल.

खासगी व्हॅनवाला बोलवायचाच झाला, तर आधी त्याचा कचरा-वाहक नोंदणी क्रमांक मागा. दुसऱ्यांचा कचरा पैसे घेऊन नेणाऱ्याची नोंदणी वरच्या श्रेणीची लागते आणि तो क्रमांक ‘सीबीडीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. ‘सीबीडीएल’ असेल तर ती खालची श्रेणी. तुमचा सोफा पैसे घेऊन न्यायला ती चालत नाही. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या सार्वजनिक नोंदवहीत हा क्रमांक फुकट तपासता येतो. नुसता क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्याच कंपनीचा क्रमांक ठोकून देण्याची पद्धत जुनी आहे, म्हणून नोंदवहीतलं नाव आणि पत्ता तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाशी जुळतो का ते पाहा आणि शंका आली तर त्या कंपनीचा फोन स्वतः शोधून फिरवा. पैसे बँकेतून पाठवा. पावतीवर काय नेलं, कोणत्या तारखेला आणि कुठे नेणार हे लिहून घ्या. व्हॅनच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. यातल्या कशावरही कुरकुर करणाऱ्याला सामान देऊ नका.

आता असोसिएशनचं पत्र. त्याला आजच उत्तर द्या, आणि ते ईमेलने. फोनवरचं बोलणं पुढे कोणाला आठवत नाही. गादी तुमची असेल तर तुमची आहे असं सरळ लिहा. ती कोणत्या तारखेला उचलली जाणार आहे आणि बुकिंगचा क्रमांक काय, तेही लिहा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: बिन स्टोअरमध्ये आज जे काही पडलंय त्याचा फोटो काढून जोडा आणि ‘गादी सोडून यातलं काहीही आमचं नाही’ हे वाक्य घाला. असोसिएशनने खरंच कंत्राटदार पाठवला तर तो पूर्ण ढीग उचलतो, बिल एकच येतं, आणि ते ज्याचं नाव ठाऊक आहे त्याच्या माथी जातं. तसं बिल आलंच तर वस्तूनिहाय तपशील मागा. गादीपुरतं तुमचं, बाकीचं नाही.

तोवर गादी वर घेऊन या. कंटाळवाणं आहे, पण ती तिथे असेपर्यंत पाऊस, उंदीर आणि दुसऱ्यांनी तिच्यावर टाकलेल्या पिशव्या सगळं तुमच्या खात्यावर. मात्र ती मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये, जिन्याखाली किंवा लिफ्टसमोर ठेवू नका. सामाईक वाटा मोकळ्या ठेवण्याची जबाबदारी २००५ च्या अग्निसुरक्षा आदेशामुळे मालकावर आहे, आणि वाटेत ठेवलेल्या गादीला ते १४ दिवसांची मुदत देत बसणार नाहीत.

आता सामानाकडे वळू. सगळ्याचा मिळून एक भाव बघितला म्हणून आकडा ९० वर गेला. प्रत्येक वस्तूचा रस्ता वेगळा आहे, आणि कौन्सिलकडे जाणाऱ्या वस्तू जितक्या कमी तितका खर्च कमी.

सोफा आणि खुर्चीपासून सुरुवात करा, कारण त्यांचा दर सगळ्यात जास्त लागतो आणि त्यांच्यातच पैसे वाचायची संधीही सगळ्यात मोठी आहे. दर का चढलाय ते आधी समजून घ्या. जुन्या सोफ्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग लवकर लागू नये म्हणून जी रसायनं घातली जात, त्यातली काही आता बंदी आलेल्या, निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या प्रदूषकांमध्ये मोडतात. डेकाबीडीई हे त्यातलं मुख्य. म्हणून जानेवारी २०२३ पासून इंग्लंडमध्ये कापडी-गादीच्या बैठकीचं घरगुती सामान जमिनीत पुरता येत नाही, ते वेगळं ठेवून जाळावं लागतं. दुसऱ्या कचऱ्यात मिसळलं तर सगळी गाडीच दूषित धरली जाते. या नियमात सोफा, आरामखुर्ची, सोफा-कम-बेड, बीनबॅग, गादी लावलेली जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि ऑफिसची खुर्चीही येते. झोपायची गादी येत नाही, नुसती लाकडी खुर्ची येत नाही.

यातून एक सूचना निघते, जी बरेच जण नेमकी उलटी पाळतात: सोफा कापू नका. लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून करवत लावली आणि फोमचे तुकडे काळ्या पिशव्यांत भरून नेहमीच्या बिनमध्ये टाकले, तर तो नियमभंग आहेच. शिवाय कापलेल्या सोफ्याला कौन्सिलचे लोकही हात लावायला नकार देऊ शकतात. कापल्याशिवाय सोफा लहान करता येतो. आधी पाय काढा. बहुतेक पाय हाताने फिरवून निघतात किंवा एका बोल्टवर असतात. मग सोफ्याची मागची बाजू तपासा. अलीकडच्या बऱ्याच सोफ्यांची पाठ वेगळी निघते: पाठीमागे खालच्या कडेला वेल्क्रोने चिकटवलेली कापडाची पट्टी असते, ती उचलली की दोन्ही टोकांना धातूच्या खाचा दिसतात. त्यातली छोटी पट्टी चपट्या स्क्रूड्रायव्हरने वर करायची आणि पाठ सरळ वर ओढायची. दोघं लागतात, एक दाबायला आणि एक ओढायला. पाठ निघाली की दोन माणसांचा सोफा साध्या दारातून उभा जातो.

पण कौन्सिलकडे जाण्याआधी सोफा उलटा करून एक लेबल शोधा. १९८८ च्या फर्निचर अग्निसुरक्षा नियमांमुळे ब्रिटनमध्ये विकलेल्या सोफ्यावर कायमचं शिवलेलं लेबल असतं, ज्यावर ‘निष्काळजीपणामुळे आग लागते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ मोठ्या अक्षरांत छापलेली असते. ते गाद्यांच्या खाली, तळाच्या काळ्या कापडावर किंवा सुट्या गादीच्या चेनजवळ सापडतं. हे लेबल असेल, कापड फाटलेलं नसेल आणि डाग किंवा वास नसेल तर सोफा अजून कचरा झालेला नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही धर्मादाय संस्था चांगलं फर्निचर घरी येऊन फुकट नेतं. एमाउस या धर्मादाय संस्थेची दुकानं आणि जुन्या वस्तू पुन्हा वापरात आणणाऱ्या रीयूज नेटवर्कमधल्या स्थानिक संस्थाही फर्निचर घेतात. त्यांच्या भागापुरत्या अटी वेगळ्या, त्या फोनवर विचारा. लेबल नसेल तर सोफा अग्निसुरक्षा नियमांत बसतो हे त्यांना दाखवता येत नाही, म्हणून त्या तो बहुधा घेत नाहीत, सोफा कितीही चांगला असो. घरात आल्यावर टोचतं म्हणून लेबल कापून टाकणारे पुढे इथेच अडकतात.

संस्थेला फोन करताना तीन गोष्टी आपणहून सांगा: तिसरा मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि लेबलचा फोटो पाठवू शकता. खुर्चीला आणि सोफ्याला वेगवेगळी लेबलं असतात, दोन्ही बघा. आणि हे लक्षात ठेवा की त्यांची माणसं दारात येऊन नाही म्हणू शकतात. सोफ्याच्या हातावर मांजराने ओरबाडलेलं असेल तर फोटोत ते लपवू नका. नकार फोनवर मिळालेला बरा, तुमचे १४ दिवस चालू आहेत. तारीख आठवड्यापलीकडची मिळत असेल तर असोसिएशनच्या ईमेलमध्ये तीही टाका. सोफा तुमच्या घरात आहे तोवर ती मुदत त्याला लागू नाही, फक्त गादीला लागू आहे.

फ्रिज बंद पडलाय म्हणजे नवा घेणारच असाल. मग जुन्यासाठी कौन्सिलला पैसे भरू नका. २०१३ च्या इलेक्ट्रिक कचरा नियमांप्रमाणे दुकानदाराने नवी वस्तू विकली की तशाच प्रकारची जुनी वस्तू परत घ्यावी लागते, मग ती कोणत्या कंपनीची का असेना आणि त्याच्याकडून घेतलेली असो वा नसो. विल्हेवाटीचे पैसे त्याला लावता येत नाहीत. घरून उचलण्याचा वाहतूक खर्च मात्र लावता येतो, आणि बहुतेक मोठी दुकानं तो लावतात. म्हणून नव्या फ्रिजच्या किमतींची तुलना करताना ‘डिलिव्हरी अधिक जुना नेणे’ असा एकूण आकडा धरा. २० पौंडांनी स्वस्त फ्रिज जुना न्यायच्या पैशांत महाग पडू शकतो. ऑर्डर देतानाच जुना न्यायचा पर्याय निवडा. ट्रक दारात आल्यावर ड्रायव्हरला सांगितलं तर तो नेत नाही, त्याच्या यादीत ते नसतं.

आदल्या दिवशी फ्रिजचा प्लग काढा, दार उघडं ठेवा, खाली टॉवेल पसरा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. पाणी गळणारा किंवा आत सामान असलेला फ्रिज परत ठेवून जातात. नंतर दार टेपने बंद करा आणि फ्रिज उभाच ठेवा. मागची तांब्याची नळी किंवा खालचा काळा कॉम्प्रेसर भंगारात जाईल म्हणून कापायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. आतला वायू आणि भिंतीतल्या फोममधला वायू बाहेर पडतो, आणि कापलेला फ्रिज मग ना दुकान घेत, ना कौन्सिल. एक शेवटचं पाहा: फ्रिज तुम्ही घेतलेला आहे की फ्लॅटबरोबर मिळालेला? भाडेकराराबरोबरच्या सामानाच्या यादीत तो असेल तर तो असोसिएशनचा आहे, काढायचा खर्चही त्यांचा.

कपाट भुग्याच्या फळीचं असेल तर ते संस्था बहुधा घेत नाहीत, आणि पुन्हा जोडल्यावर ते धड उभंही राहत नाही. ते खोला. आधी कपडे टांगायची दांडी, कप्पे, ड्रॉवर, मग दारं. आरशाचं दार असेल तर काचेवर टेपने फुली मारा आणि ते दार वेगळं ठेवा. मग कपाट जमिनीवर पालथं, म्हणजे तोंड खाली करून आडवं करा आणि त्यानंतरच पाठीची पातळ पुठ्ठ्यासारखी फळी काढा. क्रम महत्त्वाचा आहे: कपाट उभं असताना पाठ काढली की आधार जातो आणि ते एका बाजूला कोसळतं, बहुधा खोलणाऱ्याच्या अंगावर. फळ्या जोडणारे गोल लॉक असतात, त्यांना फुलीच्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने उलट्या दिशेने अर्धा फेरा दिला की फळी ओढून निघते. लाकडी खुंट्या गोंदाने चिकटल्या असतील तर हातोडीने फळीच्या कडेवर हळूच मारा, मध्ये नाही. फळ्या आकाराप्रमाणे दोन गठ्ठ्यांत बांधा, प्रत्येक गठ्ठा एका माणसाला उचलता येईल एवढाच. बाहेर आलेले खिळे आत ठोका. कौन्सिल दोन गठ्ठ्यांना एक वस्तू धरते की दोन, हे बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी बांधलेलं एक कपाट ही एक वस्तू असते आणि सुट्या फळ्या या पाच वस्तू.

गादीला फुकट रस्ता क्वचितच मिळतो. डाग असलेली गादी कोणतीही संस्था घेत नाही. त्यातून ढेकूण असतील तर ती कोणाला देऊच नका. घरातच प्लास्टिकच्या गादी-पिशवीत घालून टेपने बंद करा, मगच जिन्याने न्या, आणि बुकिंग करताना सांगा. ढेकूण नसले तरी पिशवी फायद्याची आहे. भिजलेली स्प्रिंगची गादी इतकी जड होते की उचलणारे ती सोडून जातात, आणि मग पैसेही परत मिळत नाहीत.

म्हणजे कौन्सिलकडे उरली गादी आणि कपाट. कौन्सिलने पैसे का घ्यावेत, असा प्रश्न बरेच जण विचारतात. घरगुती कचरा उचलणं तिचं काम आहेच. पण २०१२ च्या नियमांनी तिला काही वस्तू उचलण्याचे पैसे लावण्याची मुभा दिलीय: २५ किलोपेक्षा जड वस्तू, किंवा नेहमीच्या बिनमध्ये न मावणारी वस्तू (बिन दिलेलंच नसेल तर ७५ सेंटिमीटर व्यासाच्या, एक मीटर लांब नळकांड्यात न मावणारी). पैसे उचलण्याचे असतात, विल्हेवाटीचे नाहीत. दर किती असावा हे प्रत्येक बरो (लंडनचा स्वतःची कौन्सिल असलेला विभाग) ठरवते, त्यामुळे रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीच्या बरोचा दर तुम्हाला लागू नाही.

कौन्सिलला फोन करा, ऑनलाइन फॉर्म बहुधा पूर्ण दर दाखवतो आणि सवलत दुसऱ्या पानावर असते. फोनवर हे विचारा. युनिव्हर्सल क्रेडिट किंवा कौन्सिल टॅक्समधली सूट मिळणाऱ्यांना सवलत आहे का आणि पुरावा म्हणून काय लागेल? वर्षातून एखादी फेरी फुकट आहे का? दर वस्तूप्रमाणे आहे की फेरीप्रमाणे, आणि एका फेरीत किती वस्तू बसतात? वस्तू नेमकी कुठे ठेवायची, रस्त्याच्या कडेला की बिन स्टोअरजवळ? सकाळी किती वाजेपर्यंत? रद्द केलं तर पैसे परत मिळतात का? घरात कोणाला अपंगत्व असेल तर आतून उचलण्याची सोय आहे का, हेही विचारा. सवलत आधीच मागावी लागते. पैसे भरल्यावर मागितली तर फरक बहुधा परत करत नाहीत.

फेरीप्रमाणे दर असेल, म्हणजे पाच वस्तूंपर्यंत एकच रक्कम असं काही, तर तुमच्या दोन वस्तूंसाठी पूर्ण रक्कम भरणं वेडेपणा आहे. बिन स्टोअरमध्ये सामान टाकणारे शेजारी तुम्हाला ठाऊक असणारच. मजल्यावरच्या दोन-तीन घरांना विचारा आणि एकच फेरी वाटून घ्या. बुकिंग एका नावावर होतं, म्हणून प्रत्येकाच्या वस्तूचं नाव बुकिंगमध्ये स्पष्ट हवं: ‘एक सिंगल गादी, एक लाकडी टेबल’. नुसतं ‘फर्निचर’ लिहिलं की उचलणारे यादीत नसलेली वस्तू सोडून जातात, आणि तिच्यासाठी असोसिएशनचं पुढचं पत्र तुमच्या नावाने येतं. पैसे शेजाऱ्यांकडून आधी घ्या. सामान गेल्यावर कोण देतं? या वाटणीत नफा घेऊ नका आणि त्यांचं सामान स्वतःच्या गाडीतून पैसे घेऊन नेऊ नका. पैसे घेतले की तुम्हालाही वाहकाची नोंदणी लागते.

टिपचा पर्यायही आहे. स्वतःचा घरगुती कचरा तिथे फुकट टाकता येतो, पण लंडनमधल्या बऱ्याच ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते, पत्त्याचा पुरावा लागतो आणि व्हॅनला परवाना. भाड्याची व्हॅन घेऊन गेलात आणि दारावर उंचीचा अडसर असेल तर दिवसाचं भाडं वाया. कपाट खोलल्यावर ओळखीच्या गाडीत मावत असेल तर कपाटासाठी टिप, गादीसाठी कौन्सिल.

सर्विस चार्जमधली ‘मोठा कचरा’ ही ओळ म्हणजे बहुधा बिन स्टोअरमध्ये टाकलेलं सामान कंत्राटदाराकडून उचलून घेण्याचा वर्षभराचा खर्च, सगळ्या फ्लॅटांत वाटलेला. म्हणजे ‘तिथे सगळेच ठेवतात’ याचे पैसे सगळेच भरतात, एकेकट्याने कौन्सिलची फेरी घेतली असती त्यापेक्षा महाग दराने, कारण आपत्कालीन फेरीचा दर नेहमीच चढा असतो. आमच्या मते हाच पैसा असोसिएशनने ठरावीक तारखांना इमारतीखाली गाडी उभी करण्यावर खर्च करावा, वर्षातून दोन-तीनदा, पत्रकं लावून, प्रत्येक घराला दोन वस्तूंपर्यंत. काही मालक हे करतात. तुमचा मालक करत नसेल तर मागणीला आकड्याचा आधार हवा.

तो आकडा मिळवायचा कसा? आधी भाडेकरारात बघा, सर्विस चार्ज ठरलेला आहे की खर्चाप्रमाणे बदलता. बदलता असेल तर १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या २१व्या कलमाखाली खर्चाचा गोषवारा लेखी मागता येतो. तो एका महिन्यात, किंवा हिशेबाचं वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे नंतर येईल तोवर द्यावा लागतो. गोषवारा मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत २२व्या कलमाखाली मूळ बिलं पाहायला मागता येतात. त्यात कंत्राटदार वर्षात किती वेळा आला आणि प्रत्येक वेळी किती घेतले हे दिसतं. खर्च अवाजवी वाटला तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. हा हक्क तुम्हाला आहे कारण तुम्ही असोसिएशनचे भाडेकरू आहात. थेट कौन्सिलच्या घरात साध्या भाडेकरारावर राहणाऱ्यांना ही कलमं लागू होत नाहीत, त्यांना भाडेकरू प्रतिनिधींमार्फत जावं लागतं. सर्विस चार्ज ठरलेला असेल तर हिशेब मागायचा हक्क नाही, पण ठरावीक तारखेच्या गाडीची मागणी तरीही करता येते.

असोसिएशनने ईमेलला उत्तरच दिलं नाही किंवा दुसऱ्याच्या ढिगाचं बिल तुमच्यावर टाकलं, तर ईमेलच्या विषयात ‘तक्रार’ असा शब्द घालून पुन्हा पाठवा. त्या शब्दाशिवाय ती नुसती चौकशी म्हणून फाइल होऊ शकते. पाच कामकाजाच्या दिवसांत पोच, पोच दिल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत पहिलं उत्तर, समाधान झालं नाही तर दुसऱ्या टप्प्यात कामकाजाचे वीस दिवस, आणि मग हाउसिंग ऑम्बड्समन, म्हणजे घरांच्या तक्रारींचा लोकपाल. तक्रार कौन्सिलच्या गाडीबद्दल असेल, म्हणजे पैसे घेऊन आलीच नाही, तर हा रस्ता नाही. ती आधी कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे काम झालं नाही तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे जाते. दोन्हींत गल्लत झाली की महिना जातो.

फेरीच्या दिवशी सामान आदल्या रात्री बाहेर ठेवू नका, अंधारात त्यावर दुसऱ्यांच्या वस्तू चढतात. सकाळी सांगितलेल्या वेळेआधी ठेवा, प्रत्येक वस्तूवर बुकिंग क्रमांकाचा कागद टेपने चिकटवा आणि मागची इमारत दिसेल असा फोटो काढा, वेळेसकट. बिन स्टोअरला फॉब (दार उघडायची इलेक्ट्रॉनिक चावी) लागत असेल तर उचलणाऱ्यांकडे तो नसतो. सामान दाराबाहेर ठेवायचं की कोणी दार उघडायचं हे आधीच ठरवा. संध्याकाळपर्यंत काही राहिलं तर त्याच दिवशी कळवा. बऱ्याच कौन्सिलांची चुकलेली फेरी कळवायची मुदत एक-दोन कामकाजाच्या दिवसांचीच असते, आणि ती उलटली की नवं बुकिंग, नवे पैसे. गादी गेल्याचा फोटो त्याच संध्याकाळी असोसिएशनला पाठवा, जुन्या ईमेलच्या उत्तरातच, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एका जागी राहतो.